एक रुपयाची बिदागी

रेडिओवरून एखाद्या चेहऱ्याविषयी बोलायचं म्हणजे पंचाईतच. पण कपाळावर सारख्या कापलेल्या बटांची झालर, एवढं म्हटलं की माझ्या वयाच्या श्रोत्यांना पुढचं नाव सांगावं लागत नाही. साधना. साठच्या दशकात त्या झालरीला ‘साधना कट’ म्हणत. आमच्या अंबरनाथमध्ये किती मुलींनी घरच्या कात्रीनं तो प्रयोग केला आणि मग महिनाभर कपाळावरून पदर घेऊन वावरल्या, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

मला मात्र साधनाबाईंची ओळख झाली ती पडद्यावर नव्हे. आमच्या शेजारी एक सिंधी बाई राहत. त्यांना सगळे ‘दादी’ म्हणत. मराठी कानाला दादी म्हणजे आजी. सिंधीत मात्र दादी म्हणजे थोरली बहीण, हे मला फार उशिरा कळलं. तोवर चाळिशीतल्या त्या बाईला आम्ही पोरांनी आजी करून टाकलं होतं. दादी घरी पापड लाटत, कपडे शिवत आणि सिनेमाचा विषय निघाला की हमखास म्हणत, “साधना आपली आहे. आमच्या कॅम्पची.” आई हळूच मला म्हणे, “कॅम्पातली कसली, ती मुंबईत वाढली.” आईचं बरोबर होतं. पण दादींचंही अगदीच चूक नव्हतं. ते कसं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलं, गोरे सोल्जर गेले, बराकी मोकळ्या पडल्या. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बराकींत जागा मिळाली. सुमारे एक लाख माणसं. एका लांबलचक बराकीत मधे गोणपाट टांगून दोन्ही बाजूंना संसार. छावणीचे पाच भाग होते, म्हणून कॅम्प नंबर एक ते पाच. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना कॅम्पचा नंबरच आधी सांगतो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं. नाव नदीवरून आलं. तिथल्या उल्हासाविषयी त्या काळी राहिलेल्यांनाच विचारावं.

पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले, पण तुकडा का होईना, इकडे उरला. सिंध अख्खा पलीकडे गेला. सिंधी माणूस भारतात आला तो पायाखालची जमीन सोडून. हातात राहिली ती भाषा. त्या भाषेचं राज्य नाही, जिल्हा नाही, घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाव नाही. ते नाव १९६७ साली आलं. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९५८ साली, काही मंडळींनी सिंधीत बोलपट काढला. फाळणीनंतर भारतात निघालेला हा पहिला सिंधी चित्रपट. नाव ‘अबाणा’, म्हणजे वाडवडिलांचं घर. ज्यांचं ते घरच गेलं होतं, त्यांच्यासाठी काढलेला हा सिनेमा! दिग्दर्शन धरमकुमार यांचं, संगीत बुलो सी. रानी यांचं. नायिका शीला रमाणी. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये क्लबात नाचणारी सिल्वी करून ती १९५४ सालीच गाजली होती. तिच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी एक नवी मुलगी हवी होती.

ती सापडली कॉलेजच्या नाटकात. साधना शिवदासानी. जन्म कराचीचा, २ सप्टेंबर १९४१. वडिलांनी नाव ठेवलं ते त्या वेळच्या प्रसिद्ध नर्तकी-अभिनेत्री साधना बोस यांच्यावरून. फाळणीच्या वेळी पोर सहा वर्षांची. आठ वर्षांची होईपर्यंत आईनंच घरी शिकवलं. पुढे जय हिंद कॉलेज. हे कॉलेजही १९४८ साली कराचीहून आलेल्या सिंधी प्राध्यापकांनी उभं केलेलं. पंधराव्या वर्षी ती नाटकात काम करत असताना निर्मात्यांनी पाहिलं आणि विचारलं. साधनाबाईंचं रंगभूमीशी नातं म्हणाल तर एवढंच, कॉलेजच्या रंगमंचापुरतं. त्या आधी ‘श्री ४२०’मध्ये एका गाण्यात नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात ती होती; पण घोळक्यातला चेहरा कोण पाहतो? नाटकानं तिला घोळक्यातून बाहेर काढलं.

‘अबाणा’साठी तिला मिळाला एक रुपया. आपल्याकडे शुभकार्याला सव्वा रुपया ठेवतात, तसाच हा प्रकार. निर्वासितांच्या भाषेत निर्वासितांच्या मुलीनं काम करायचं, तर बिदागी कसली मागायची! दादींनी ‘अबाणा’ पाहिला होता. गोष्ट सांगायला लागल्या की अर्ध्यावर थांबत आणि पापडाच्या लाट्यांकडे वळत. पुढचं मी त्यांच्याकडून कधीच ऐकलं नाही.

त्या रुपयानं पुढे फार काम केलं. ‘अबाणा’च्या प्रसिद्धीसाठी काढलेलं तिचं छायाचित्र ‘स्क्रीन’ साप्ताहिकात छापून आलं आणि ते फिल्मालयच्या शशधर मुखर्जींनी पाहिलं. मुलगा जॉय याला पडद्यावर आणायची त्यांची तयारी चालली होती. १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ आला. कपाळ फार रुंद दिसतं, ही तक्रार. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारख्या बटा कापायला लावल्या. उणीव झाकायला केलेली युक्ती देशभराची फॅशन झाली. १९६६ साली याच नय्यरांशी तिनं लग्न केलं.

पण गंमत पाहा. त्याच १९६० सालात बिमल रॉय यांच्या ‘परख’मध्ये ती खेड्यातली साधी मुलगी आहे. केस मागे घेतलेले, सुती साडी, रुंद कपाळ जसंच्या तसं. बाहेर पाऊस आणि सलील चौधरींच्या चालीवर लताबाईंचा आवाज. ते गाणं चालू असताना साधना जवळजवळ काहीच करत नाही. नुसती पाहते. झालरीची साधना लोकप्रिय झाली खरी. माझं मत विचाराल तर अभिनेत्री दिसते ती झालरीशिवायच्या ‘परख’मध्ये.

मग ‘हम दोनो’, ‘असली नकली’, ‘मेरे मेहबूब’. १९६४ साली राज खोसलांचा ‘वो कौन थी’. १९६५ साली ‘वक्त’. ‘वक्त’मध्ये तिनं घट्ट चुडीदार आणि कुडता घालायचं ठरवलं, तेव्हा यश चोप्रा साशंक होते म्हणतात. पेहराव सिद्ध केला तो आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी, पुढे ‘गांधी’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या. सिनेमा लागला आणि उल्हासनगरच्या शिंप्यांना दिवस पुरेना. अंबरनाथ-बदलापूरच्या मुली कापडाचा तुकडा घेऊन लोकलनं यायच्या आणि माप देताना एवढंच सांगायच्या, “साधनासारखं.” शिंप्याला पुढचं काही विचारावं लागत नसे. दादींच्या मशीनवरही तसे दोन-चार उतरले. कराचीची मुलगी, कोल्हापूरच्या बाई आणि कॅम्पातला शिंपी. या तिघांत त्या पोशाखाची मालकी कुणाची?

१९६६ साली ‘मेरा साया’ आला. आई, दादी आणि मी असे तिघं उल्हासनगरला पाहायला गेलो. मध्यंतराच्या आधीच आई म्हणाली, “अगं बाई, हा तर आपला ‘पाठलाग’!” खरंच होतं. राजा परांजपे यांचा १९६४ सालचा मराठी ‘पाठलाग’, त्यात काशिनाथ घाणेकर आणि भावना. तीच गोष्ट राज खोसलांनी हिंदीत केली. वकील नवऱ्याच्या डोळ्यांदेखत बायको मरते. तिचं दहन होतं. आणि मग पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतल्या एका बाईला पकडून आणतात. हुबेहूब तसाच चेहरा. ती म्हणते, मीच तुमची बायको. भर कोर्टात ती संसारातल्या खासगी आठवणी एकामागून एक सांगत जाते आणि समोर उभा राहून उलटतपासणी घेतो तो नवराच. शेवट मी सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा.

आईला दोन्ही सिनेमांची तुलना करायची होती. दादी मात्र परतीच्या वाटेवर गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “पुट, आम्ही पण असंच सांगितलं होतं.” मला काही उमगलं नाही. आईला उमगलं असावं. १९५० साली निर्वासितांच्या मालमत्तेसाठी दाव्यांचा कायदा झाला. उल्हासनगरात ‘क्लेम’ हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक होता. मागे सोडून आलेल्या घराची नोंद करायची; खोल्या किती, अंगण केवढं, विहीर होती का. कागद असला तर ठीक. नसला तर आठवणीच सांगायच्या आणि टेबलामागच्या माणसानं विश्वास ठेवण्याची वाट पाहायची. दादींचे कागद तिकडेच राहिले होते. खरं तेच सांगणारी आणि तरी पुरावा नसलेली बाई साधनाबाईंनी पडद्यावर उभी केली. ती करताना त्यांना निर्वासित आठवले असतील, असा दावा मी करणार नाही. दादींना आठवले, एवढं मी पाहिलं.

‘वो कौन थी’ आणि ‘वक्त’ या दोन्हींसाठी फिल्मफेअरच्या नामांकनात तिचं नाव होतं. बाहुली मिळाली नाही ती नाहीच. पुढे थायरॉइडच्या विकारानं डोळ्यांवर परिणाम झाला. ज्या डोळ्यांवर सगळा कारभार, त्यांनाच दृष्ट लागली. बोस्टनला उपचार घेऊन ती परतली आणि १९६९ साली ‘एक फूल दो माली’ आणि ‘इंतकाम’ दोन्ही चालले. १९७४ साली ‘गीता मेरा नाम’ स्वतः दिग्दर्शित केला. त्या काळी नायिकेनं दिग्दर्शन करणं ही साधी गोष्ट नव्हती. पण त्याची चर्चा बटांच्या मानानं फारच कमी झाली. त्यानंतर साधनाबाई पडद्यावरून बाजूला झाल्या आणि लोकांच्या नजरेतूनही. छायाचित्रं काढू देत नसत. लोकांनी मला होते तशीच आठवावं, अशी त्यांची भूमिका. अनेकांना तो अहंकार वाटला. मला तसं वाटत नाही. चेहऱ्यावर जगाचा हक्क तिकिटाच्या पैशांपुरता. तो किती काळ चालू ठेवायचा हे ज्याच्या त्याच्या हाती हवं.

२०१४ साली एका सामाजिक कामासाठी त्या गुलाबी साडीत रणबीर कपूरचा हात धरून मंचावर आल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आला. तो दाखवायला दादी राहिल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी, १५ जुलै २०१५ रोजी, शीला रमाणी महूला वारल्या. २५ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत साधनाबाई गेल्या. ‘अबाणा’तल्या दोघी बहिणी एकाच वर्षात.

त्यानंतर एकदा कॅम्प चारमध्ये पँट आखूड करायला गेलो होतो. दुकानात झुलेलालच्या तसबिरीखाली एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो; चुडीदार, कपाळावर बटा. शिंपी विशीतला. मी विचारलं, “ही कोण रे?” त्यानं मशीनवरून मान न उचलता सांगितलं, “आजोबांनी लावलाय. आमच्यातल्याच कुणीतरी आहेत.”