डेटाबेसची तपासणी रात्रीच का करतात आणि सकाळी लॉग वाचणं का गरजेचं असतं?

जळगावच्या दालमिलची उधारी, सराफाचा हिशोब, धुळ्यातल्या पतसंस्थेच्या ठेवी, हे सगळं आता डेटाबेसमध्ये असतं. डेटाबेस डिस्कवर पानापानांनी साठवला जातो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये असं एक पान ८ केबीचं असतं. लिहिता लिहिता वीज गेली किंवा डिस्क थकली की एखादं पान खराब होऊ शकतं.

ते लगेच कळत नाही, हीच खरी अडचण. त्या पानावर जुन्या खातेदाराची नोंद असेल तर महिनोन्‌महिने ते कुणी उघडतही नाही. दरम्यान रोजच्या बॅकअपमध्ये तेच खराब पान जात राहतं. बॅकअप ७ दिवसांचेच ठेवले आणि बिघाड दहाव्या दिवशी लक्षात आला, तर चांगली प्रत हातात उरत नाही.

म्हणून इंटिग्रिटी चेक. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘डीबीसीसी चेकडीबी’ ही कमांड आहे, मायएसक्यूएलमध्ये ‘मायएसक्यूएलचेक’, पोस्टग्रेसमध्ये ‘एमचेक’. (टॅलीवाल्यांना माहीत असलेलं ‘रीराइट’ ही मात्र दुरुस्ती आहे, तपासणी नाही. ते करण्याआधी बॅकअप घ्यावाच.) तपासणीत डिस्कवर बराच ताण येतो, म्हणून ती रात्री, दिवसअखेरचं काम आणि बॅकअप यांच्याशी टक्कर होणार नाही अशा वेळी लावतात. डेटा मोठा असेल तर रोज फक्त पानं तपासणारी ‘फिजिकल ओन्ली’ आणि बाजार बंद असेल त्या रात्री पूर्ण तपासणी करता येते. दोन पूर्ण तपासण्यांमधलं अंतर बॅकअप जितके दिवस ठेवता त्याहून कमी हवं.

आता एक साधी गोष्ट. मेन स्विच बंद करून शटर ओढायची सवय असेल, तर रात्री दोनची तपासणी होणारच नाही. लॉगमध्ये चूकही दिसणार नाही, कारण नवा लॉगच नसेल. त्यामुळे सकाळी सर्वांत आधी लॉगची तारीख पाहावी. मग शेवटची ओळ : अलोकेशन एरर ० आणि कन्सिस्टन्सी एरर ०. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ८२३ किंवा ८२४ दिसला तर धोका उघड आहे. फसवा असतो तो ८२५. पान पुन्हा वाचायचा प्रयत्न केल्यावर वाचता आलं, एवढंच तो सांगतो. गंभीरता फक्त १० असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होतं. प्रत्यक्षात डिस्क जायला लागल्याची ती खूण असू शकते.

नुसत्या ईमेलवर विसंबणंही महागात पडतं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप आधीपासून फसत असल्याचं उघड झालं. तशी सूचना देणारे ईमेल निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. सुमारे ६ तासांचा डेटा गेला.

तपासणीत चूक सापडलीच, तर घाईने ‘रिपेअर अलाउ डेटा लॉस’ चालवू नये. नावातच लिहिलंय तसं त्यात नोंदी उडू शकतात. जुने बॅकअप पुसण्याचं काम आधी थांबवावं, शेवटचा चांगला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून तपासावा आणि मगच मूळ डेटाबेसला हात लावावा.