फाइलपथातील स्पेस (शेल स्क्रिप्ट)

फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावातली स्पेस शेल स्क्रिप्टमध्ये नावाचाच भाग राहावी, दोन नावांमधली हद्द ठरू नये, यासाठी पाळायची लेखनपद्धत. युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढेच वर्ज्य. स्पेस, टॅब, नवी ओळ सगळे चालते. शेल मात्र स्पेस दिसली की शब्द तोडते. स्टीफन बोर्न यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेले शेल 1979मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आले. त्याच्या परंपरेत व्हेरिएबलमधला मजकूर आज्ञेत उतरल्यावर पुन्हा एकदा तोडला जातो. घात होतो तो या दुसऱ्या तोडणीत.

समजा, कोलकाता बंदराच्या नकाशांचे स्कॅन ‘खिदिरपूर गोदी’ या फोल्डरमध्ये आहेत आणि शेजारीच ‘खिदिरपूर’ नावाचा वेगळा फोल्डर आहे. पहिला पुसण्यासाठी स्क्रिप्टमध्ये ‘आरएम -आर $1’ लिहिले ($1 म्हणजे स्क्रिप्टला दिलेले पहिले नाव), तर आरएमच्या हाती ‘खिदिरपूर’ आणि ‘गोदी’ अशी दोन नावे पडतात. शेजारचा फोल्डर आतल्या सगळ्यासकट जातो. ‘गोदी’ सापडत नाही हा संदेश त्यानंतर येतो. "$1" असे दुहेरी अवतरणात लिहिले की नाव अखंड राहते. फाइलींना मराठी नावे देऊ नयेत, हा सल्ला मात्र इथे गैरलागू आहे: यूटीएफ-8मध्ये देवनागरी अक्षराच्या बाइटांत स्पेसचा बाइट कधीच येत नाही.

नोव्हेंबर 2001मध्ये ॲपलच्या आयट्यून्स 2.0च्या इन्स्टॉलरमध्ये हेच अवतरण राहून गेले होते. डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या काही मॅक वापरणाऱ्यांचा साठाच पुसला गेला आणि ॲपलला लगोलग 2.0.1 काढावी लागली. 2011मध्ये लिनक्सवरील बम्बलबी या प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये ‘/यूएसआर’नंतर एक आगाऊ स्पेस पडली आणि तो अख्खा फोल्डर पुसला जाऊ लागला.

स्क्रिप्टला मिळालेली सगळी नावे पुढे द्यायची तर "$@" लिहावे. "$*"मध्ये ती एकाच नावात चिकटतात. एलएसने छापलेल्या यादीवर लूप चालवू नये. थेट * वापरावा, कारण त्यातून आलेली नावे पुन्हा तुटत नाहीत. फाइंड आज्ञेकडून एक्सआर्ग्ज आज्ञेकडे नावे पाठवताना शून्य बाइट हाच भरवशाचा विभाजक. ‘-प्रिंट0’ आणि ‘-0’ हे पर्याय वर्षानुवर्षे रुळलेले असले, तरी पॉसिक्स मानकात आले ते 2024च्या आवृत्तीत. डॅशने सुरू होणारे नाव अवतरणानेही वाचत नाही, आज्ञा त्याला पर्याय समजते. म्हणून नावांआधी -- किंवा ./ लावावे.

शेलचेक हे साधन अवतरण सुटलेली जागा दाखवते आणि प्रत्येक स्क्रिप्ट वापरात आणण्याआधी त्यातून काढावीच. झेडएसएच हे 1990मधले शेल व्हेरिएबल आपणहून तोडत नाही, त्यामुळे तिथे अवतरणाविना लिहिलेली स्क्रिप्ट बिनबोभाट चालते आणि बॅश शेलखाली आणली की तुटते.