आठ आण्यांचे पुस्तक

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाकडे आपल्याकडे थोड्या संशयानेच पाहिले जाते. प्रकाशक मिळाला नसणार, नाहीतर नाव व्हावे म्हणून पदरमोड केली असणार, असा अर्थ त्या व्यवहाराला आपोआप चिकटतो. विसाव्या शतकात महाराष्ट्रातून निघालेल्या अत्यंत प्रभावी पुस्तकांपैकी एक पुस्तक मात्र असेच स्वखर्चाने निघालेले आहे, आणि त्याच्या लेखकावरही नेमका हाच आरोप झाला होता. ते पुस्तक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यातील विचारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो ते पुस्तक म्हणून कसे सिद्ध झाले याचा.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती डॉ. आंबेडकरांना केली. मंडळाचे चिटणीस संतराम यांचे त्यासंबंधीचे पत्र त्यांना १२ डिसेंबर १९३५ रोजी मिळाले. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. भाषण लिहून झाले, छापूनही झाले. मजकूर पाहिल्यावर मात्र मंडळी बिचकली. वेदप्रामाण्यावरील टीका आणि हिंदू म्हणून हे आपले अखेरचे भाषण असल्याचा उल्लेख त्यांना अडचणीचा वाटला. काही भाग गाळावा अशी सूचना आली. २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळवले की, भाषणातला स्वल्पविरामही आपण बदलणार नाही. परिषद रद्द झाली.

छापलेले भाषण हाती होते, परंतु सभा नव्हती, श्रोते नव्हते आणि खर्च उचलणारी संस्थाही नव्हती. मे १९३६ मध्ये हे न झालेले भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. प्रती १५००, किंमत आठ आणे.

प्रकाशक नसला की त्याने घ्यावयाचे सगळे निर्णय लेखकाला घ्यावे लागतात. त्यांतला पहिला प्रश्न असा की, अनोळखी वाचकाला हे पुस्तक का निघाले हे कोणी सांगायचे? हल्ली हे काम मलपृष्ठावरचा स्तुतिपर मजकूर करतो. डॉ. आंबेडकरांनी आरंभी प्रास्ताविक घातले आणि त्यात मंडळाशी झालेला पत्रव्यवहारच छापला. निमंत्रणापासून नकारापर्यंतचा क्रम त्या त्या पत्रांतून उलगडतो आणि निवाडा वाचकावर राहतो. एखाद्या वकिलाने कागदपत्रे क्रमाने न्यायासनापुढे ठेवावीत तशी ही मांडणी आहे. पुस्तकाची याहून परिणामकारक जाहिरात कोणती असू शकेल?

दुसरा प्रश्न किमतीचा. महात्मा गांधींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून या पुस्तकाचा परामर्श घेतला, तेव्हा आठ आणे ही किंमत जास्त आहे, ती दोन किंवा निदान चार आणे करावी, असे त्यांनी सुचवले. प्रत्येक सुधारकाने हे भाषण वाचावे असे त्यांना वाटत होते, म्हणून ही सूचना. परंतु छपाईचा भार ज्याच्या खिशावर असतो त्याला वाचकाची ऐपत आणि छापखान्याचे बिल यांचा मेळ घालावा लागतो. या पुस्तकापुरता तो बसला. पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

त्याच लेखात गांधींनी एक बोचरे विधानही केले होते. डॉ. आंबेडकर स्वतःचा विसर पडू देणारे गृहस्थ नव्हेत, अशा अर्थाचे. हे प्रसिद्धीच्या हव्यासाचे आरोपण आहे हे बाबासाहेबांनी ओळखले. आपला हेतू हिंदूंना विचार करायला लावण्याचा होता, प्रसिद्धी आपल्याला हवी त्याहून अधिकच मिळते, असे त्यांनी उत्तर दिले. शिवाय, प्रसिद्धीसाठी छापले असे क्षणभर धरले तरी त्याबद्दल दगड मारण्याचा अधिकार कोणाला, असा प्रतिप्रश्नही केला. स्वतःचे पुस्तक स्वतः लोकांपुढे नेणाऱ्या प्रत्येक लेखकाला हा संकोच कधी ना कधी गाठतो. मजकुरात सांगण्यासारखे असेल, तर तो लोकांपर्यंत नेणे हा लेखनाचाच उरलेला भाग आहे.

१९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. सलग निबंधाचे रूप द्यावे, अशी सूचना झाली असतानाही त्यांनी भाषणाचा घाट कायम ठेवला. गांधींची टीका त्यांनी परिशिष्टात छापली आणि आपले उत्तर दुसऱ्या परिशिष्टात दिले. प्रतिकूल अभिप्राय स्वतःच्या पुस्तकात, स्वतःच्या पैशाने छापणारे लेखक किती असतील? कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध तिसऱ्या आवृत्तीत सामावून घेण्याचा त्यांचा मानस होता, परंतु वेळेअभावी १९४४ ची ती आवृत्ती दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रणच राहिली. पुस्तकात काय घालायचे आणि काय नाही हे लेखकच ठरवत होता, कारण त्याची सूत्रे लेखकाच्या हाती होती.

ही सूत्रे हातून सुटली की काय होते, हे त्यांच्याच अखेरच्या ग्रंथावरून दिसते. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या छपाईचा सुमारे २०,००० रुपयांचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती त्यात होती. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठीची रक्कम संपल्याचे उत्तर आले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यांनीच स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, परंतु १५ मार्च १९५६ ही तारीख घालून लिहिलेली प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत आली नाही. ज्या लेखकाने १९३६ मध्ये एक स्वल्पविराम सोडला नव्हता, त्याच्या अखेरच्या ग्रंथातून अख्खी प्रस्तावना गळाली.

म्हणून ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ वर्गात शिकवताना पत्रव्यवहार आणि परिशिष्टे यांसह असलेलीच प्रत विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. ती पाने वगळली तर भाषण उरेल, पण आंबेडकरांनी घडवलेले पुस्तक उरणार नाही.