कावेरीचं पाणी आणि आपल्याकडची खडशी

बंगळुरूच्या पोस्टिंगला फॅमिली क्वार्टर मिळालं, तेव्हा शेजारच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सकाळी कावेरी येते, भरून ठेवा." इथे लोक नळाच्या पाण्याला नदीच्या नावानेच ओळखतात. मी मावळातला. आमच्याकडे नदी दारातून वाहते. इथे नदी जवळपास 100 किलोमीटरवर, आणि शहर तिच्यापेक्षा सुमारे 500 मीटर उंचावर. तरी ती बादलीत येते कशी, हा प्रश्न डोक्यात बसला.

जुनं बंगळुरू तळ्यांवर जगलं. पुढे 1890 च्या दशकात अर्कावती नदीवरच्या हेसरघट्टा तलावातून नळाचं पाणी आलं. ते पुरेना, म्हणून 1933 मध्ये त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण झालं. तेही कमी पडलं आणि 1974 मध्ये कावेरीचं पाणी पंपाने चढवून शहरात आणलं. तेव्हापासून एकेक टप्पा वाढत गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला, तो एकटाच रोज 77.5 कोटी लिटरचा.

बंगळुरूच्या नळांच्या आधी मात्र कावेरी विजेसाठी वळवली गेली होती. 1902 मध्ये शिवनसमुद्र धबधब्याच्या वरून पाणी कालव्यात घेऊन वीज काढली आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना दिली. ही योजना आखणारा कॅप्टन जॉली द लोत्बिनिएर हा रॉयल इंजिनियर्सचा अधिकारी, म्हणजे फौजीच. मग 1911 मध्ये कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं.

या सगळ्यात नदीतल्या रहिवाशांना कुणी विचारलं नाही. कावेरीत एक महासीर मासा आहे, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा. 1946 मध्ये कबिनी नदीत गळाला लागलेला असा एक मासा 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा होता. आमच्या पलटणीतले काही जवानही तेवढ्या वजनाचे नसतील! महासीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या खडी-गोट्यांवर अंडी घालतो. आडवी भिंत आली की त्याची वाट संपते. धरणातून पाणी कधी सोडायचं हे माणूस ठरवतो, माशाचं पंचांग वेगळं असतं. त्यात वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी. आम्हाला स्फोटकांची एक-एक कांडी हिशोबाने मिळते. तीच नदीत फुटते तेव्हा पिल्लंसुद्धा मरतात.

एका रविवारी आम्ही काही जण भीमेश्वरीला गेलो. काठाजवळ मोठे मासे फिरत होते. मी टोपलीसारखी गोल होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "यही है कावेरी का महासीर?" तो हसला. म्हणाला, "नहीं साब, ये नीला पर वाला है. ये आपके पूना साइड का."

मला वाटलं चेष्टा करतोय. क्वार्टरवर येऊन वाचलं तर म्हातारा खरा निघाला. ती आपली खडशी. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी केलं, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. साइक्स मुंबई इलाख्याच्या फौजेतले अधिकारी. शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'.

ती कावेरीत पोचली कशी? लोणावळ्याला टाटांच्या वीज प्रकल्पाचं वळवण धरण आहे. इंद्रायणीचं, म्हणजे पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी ते पश्चिमेला खोपोलीच्या वीजघराकडे उतरवतं. धरणांनी महासीर घटतोय हे पाहून 1970 च्या दशकात तिथेच त्याचं बीज तयार करायला सुरुवात झाली. काम मोलाचं होतं. लाखो पिल्लं तयार झाली आणि राज्याराज्यांत वाटली गेली. त्यातली कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, नदी परत भरावी. पण निळ्या परांच्या पाहुणीने तिथे बस्तान बसवलं आणि घरचा नारिंगी मासा मागे पडला. गळाने मासे धरून परत सोडणाऱ्यांच्या 1998 ते 2012 च्या नोंदींत हा उलटफेर स्पष्ट दिसतो. या उंचवट्याच्या माशाला शास्त्रीय नाव मिळालं तेच 2018 मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. नाव आणि धोक्याची घंटा एकदमच.

मी काठावर छाती फुगवून उभा होतो, 'आपल्याकडचा मासा' म्हणून. आता तो अभिमान थोडा अडखळतो. फौजेत शिकवतात, मदतीला जाण्याआधी तिथली जमीन ओळखा. माशांच्या बाबतीत ती ओळख राहून गेली. नारिंगी परांचा मासा वाचवायचा तर कावेरीत बाहेरचं बीज सोडायला नको, आणि उरलेला वाहता पट्टा तरी वाहता ठेवायला हवा. याच पट्ट्याच्या खाली मेकेदाटूला नव्या धरणाचा प्रस्ताव आहे. तेही मुख्यतः बंगळुरूच्या पाण्यासाठी, म्हणजे माझ्याच बादलीसाठी.

सौ. आता नळ गळायला लागला की लगेच हाक मारते. मी पाना घेऊन उठतो. एवढ्याने मासा वाचणार नाही, ठाऊक आहे. पण कावेरी कुणाच्या वाट्यातून येते, हे कळल्यावर ती टपटप ऐकवत नाही.

जय हिंद.