कोडी, स्कोअर आणि डझन

सुरतेहून दक्षिणेस निघाले की लगेच उधना लागते. जळगावकडे जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग येथूनच फुटतो, आणि त्याच वाटेने आलेली कितीतरी खानदेशी कुटुंबे येथील यंत्रमागांवर पोट भरतात. त्या घरांतील बाई बाजारात केळी मागते ती डझनाने. हा शब्द इंग्रजांकडून आला, हे तिच्या ध्यानीमनीही नसते.

ही देवघेव एकतर्फी मात्र नव्हती. इ. स. १६१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेस स्थिर झाली. कंपनीला हवे होते कापड, आणि ते मोजले जाई विसाविसांनी. वीस या गणनेला इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता, ‘स्कोअर’. त्याचा मूळ अर्थ खाच. मोजणी करताना दर विसाला काठीवर एक खाच पाडीत, तीवरून खाचेचीच संख्या झाली. तरीही वखारीच्या पत्रांत कापडाचा हिशेब आढळतो तो ‘कॉर्ज’ने! पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडीही असलेल्या या शब्दाचा अर्थ वीस नग; म्हणजे आपली कोडीच.

घरचा शब्द सोडून इंग्रजांनी बाजाराचा शब्द पत्करला, हे शहाणपणाचेच झाले. कारण त्यांच्या घरचे संख्याशब्द फारसे भरवशाचे नव्हते. ‘हंड्रेड’ म्हणजे शंभर खरे. पण काही माल मोजताना त्यात सहा विसा, म्हणजे १२० नग धरीत. हंड्रेडवेट भरे ११२ पौंड, आणि पाववाल्याचा डझन तेराचा! विणकर तर आगाऊ पैसे घेऊन बसलेला. विसात किती नग, याविषयी दोघांचे एकमत नसेल, तर जादा नग जायचा तो गरिबाच्या मागावरचा.

पुढे इंग्रजी व्यवहारातून स्कोअर मागे पडला. १६११ च्या इंग्रजी बायबलात नव्वदाव्या स्तोत्रात मनुष्याचे आयुष्य तीन स्कोअर आणि दहा वर्षांचे सांगितले आहे. तेथे तो अजून भेटतो. डझनाने मात्र मुळे धरली. बाराचे अर्धे, तिसरा हिस्सा, पाव, सारे सरळ निघतात. दहाचे तसे नाही. १९५७ साली दशमान नाणी आली, आण्याच्या बारा पै गेल्या, पण केळ्यांचा डझन गेला नाही.

उधन्याच्या गल्लीत चेंडूफळी खेळणारी मुले ‘स्कोअर किती?’ म्हणून ओरडतात, तोही तोच शब्द. इंग्लंडात पूर्वी धावा मोजीत त्या काठीवर खाचा पाडूनच.