‘विचारणे’ या क्रियेची इंग्रजी रूपे : शब्दार्थ आणि अधिकार यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या इंग्रजी अर्जांत एक वाक्य दरवर्षी हमखास आढळते. रजेची ‘मागणी’ करावयाची असते आणि विद्यार्थी ‘डिमांड’ हे क्रियापद वापरून मोकळा होतो. कोशाच्या दृष्टीने त्याची चूक दाखविणे अवघड आहे, कारण ‘मागणी’ या शब्दासमोर ‘डिमांड’ हा शब्द छापलेला असतोच. तथापि असा अर्ज वाचणाऱ्यास उद्धट वाटतो. हा उद्धटपणा त्या शब्दात कोठून आला, हा प्रश्न व्याकरणाचा नसून इतिहासाचा आहे. प्रस्तुत लेखात ‘विचारणे’ व ‘मागणे’ या अर्थांच्या काही इंग्रजी क्रियापदांचा, म्हणजे आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट, डिमांड व इन्क्वायर यांचा, या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

तीन थरांची उपपत्ती :

इंग्रजीच्या इतिहासग्रंथांत समानार्थी शब्दांचे तीन थर सांगितले जातात. अल्बर्ट बॉ यांच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांत आजही वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाने ही मांडणी रूढ केली. मूळ इंग्रजी शब्द लोकव्यवहाराचा, फ्रेंच शब्द वाङ्मयीन आणि लॅटिन शब्द विद्वत्तेचा, असे तिचे सूत्र आहे. आस्क, क्वेश्चन व इंटरॉगेट हे त्रिकूट तिचे नेहमीचे उदाहरण होय. हे सूत्र अध्यापनास सोयीचे आहे, परंतु या विशिष्ट उदाहरणापुरते तरी ते अपुरे आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. क्वेश्चन हा शब्द आस्कपेक्षा अधिक ‘वाङ्मयीन’ आहे असे क्वचितच कोणी म्हणेल. फरक आहे तो विचारणाऱ्याच्या अधिकाराचा. उत्तर देणे वा न देणे समोरच्याच्या मर्जीवर आहे की नाही, यावर शब्दाची निवड ठरते.

‘आस्क’चे कुळ :

आस्क हे जुन्या इंग्रजीतील क्रियापद. त्याचे मूळ ‘शोधणे, इच्छिणे’ या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूत सापडते, त्यातूनच संस्कृतातील ‘इच्छति’ हे रूप आले. म्हणजे ‘इच्छा’ आणि ‘आस्क’ हे दूरचे भाऊबंद ठरतात. जुन्या इंग्रजीत विचारण्यासाठी ‘फ्रिग्नन’ असे आणखी एक क्रियापद होते. जर्मनमधील ‘फ्रागेन’ त्याचेच नातेवाईक असून त्याचा धातू म्हणजे आपला ‘प्रच्छ्’, ज्यातून ‘पृच्छा’ आणि जुन्या मराठीतील ‘पुसणे’ हे शब्द आले. (फळा पुसण्यातील ‘पुसणे’ वेगळे; त्याचा याच्याशी संबंध नाही.) इंग्रजीने पुढे हे क्रियापद टाकून दिले. त्याच धातूची एक शाखा मात्र लॅटिन व फ्रेंच मार्गाने परत आली आणि ‘प्रे’, म्हणजे प्रार्थना करणे, या रूपाने स्थिरावली.

आस्कची जुनी रूपे दोन होती : ‘आस्क’ आणि ‘आक्स’. चौदाव्या शतकात चॉसर याने दुसरे रूप वापरले. विल्यम कॅक्स्टन याने १४९० मध्ये छापलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत अंडी मागणाऱ्या व्यापाऱ्याची प्रसिद्ध कथा सांगितली आहे, तीतही हेच रूप येते. विल्यम टिंडेल याच्या १५२६ च्या नव्या कराराच्या भाषांतरातही ते आढळते. आज मात्र तोच उच्चार अशिक्षितपणाचे लक्षण मानला जातो आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना त्यावरून हिणविले जाते. शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या वयावर नव्हे, तर तो कोणाच्या तोंडी आहे यावर अवलंबून असते, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

न्यायालयातून आलेले शब्द :

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. न्यायदानातही पुढे तीच रुजली. १३६२ च्या कायद्याने न्यायालयातील तोंडी कामकाज इंग्रजीतून करण्याचा आदेश दिला. हा कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे. तरीही वकिलांची फ्रेंच टिकून राहिली आणि फ्रेंच व लॅटिन यांची कायदेशीर सद्दी संपण्यासाठी १७३१ चा कायदा व्हावा लागला. तो १७३३ पासून अमलात आला. फ्रेंचमधून आलेल्या ‘विचारणे-मागणे’ अर्थाच्या शब्दांची जडणघडण या दीर्घ काळात झाली.

‘डिमांड’चे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे साधे विचारणे किंवा मागणे. वाटेत पत्ता विचारतानाही फ्रेंच मनुष्य हेच क्रियापद वापरतो. इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द दाव्याच्या भाषेत रुळला. न्यायालयात जो मागतो तो हक्काने मागतो. त्यामुळे विनंतीचा अर्थ गळून हक्काचा अर्थ उरला. आपल्या विद्यार्थ्याच्या अर्जातील उद्धटपणाचे मूळ येथे आहे.

‘क्वेश्चन’चा इतिहास अधिक गंभीर आहे. लॅटिनमधील ‘क्वेस्तिओ’ म्हणजे शोध. रोममध्ये इसवी सनपूर्व १४९ पासून स्थायी स्वरूपाची फौजदारी न्यायालये अस्तित्वात आली, त्यांनाही हेच नाव होते. गुलामाची साक्ष छळ करून घेण्याची तेथे प्रथा असल्यामुळे या शब्दास यातनेचा अर्थ चिकटला. फ्रान्समध्ये ‘ला केस्त्यों’ ही न्यायालयीन छळाची अधिकृत संज्ञाच होती. सोळाव्या लुईने तिचा एक प्रकार १७८० मध्ये आणि दुसरा १७८८ मध्ये रद्द केला. इंग्रजीतही कोणाला ‘क्वेश्चनला लावणे’ याचा अर्थ एके काळी यातना देणे असा होता. इंग्लंडच्या सामान्य कायद्याने छळास मान्यता दिली नव्हती, पण राजाच्या आज्ञेने तो होत असे. १६०५ च्या कटातील गाय फॉक्स याचा छळ पहिल्या जेम्सच्या लेखी आज्ञेने झाला. ‘इंटरॉगेट’ हा शब्द पंधराव्या शतकात लॅटिनमधून आला. त्यातील ‘रोगारे’ या धातूने रोममध्ये जनसभेपुढे कायदा मांडून तिचे मत ‘विचारले’ जाई. लोकांना विचारण्याचा हा शब्द पुढे संशयितास विचारण्याचा व्हावा, हा भाषेचा विचित्र प्रवास आहे.

कोशकारांची दृष्टी :

१७९४ मध्ये हेस्टर पिओझी यांचा समानार्थी शब्दांवरील द्विखंडात्मक ग्रंथ आणि १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब यांचा कोश प्रसिद्ध झाला. दोघांचाही भर शब्दांतील भेद उलगडण्यावर होता. १८५२ मध्ये पीटर मार्क रॉजे यांनी मात्र शब्द कल्पनांनुसार सहा वर्गांत लावून दिले आणि भेद सांगण्याचे काम वाचकावर सोपविले. रॉजे यांचा ग्रंथ टिकला, क्रॅब मागे पडले. अध्यापकाच्या दृष्टीने हा तोटाच म्हणावा लागेल.

मराठी वाचकापुढील अडचण :

मराठीतही असे थर आहेत. पुसणे, विचारणे, पृच्छा करणे, सवाल करणे, जाब विचारणे, अर्ज करणे, तगादा लावणे या प्रत्येकात विचारणाऱ्याचे स्थान वेगळे आहे. फारसी-अरबी शब्द आपल्याकडे दरबार व कचेरीतून आले, जसे फ्रेंच शब्द इंग्लंडमध्ये आले. शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा या थराविषयीचा जाणीवपूर्वक विचार होता. पण ‘चौकशी’ या एका शब्दावर आपण फार ओझे टाकले आहे. आजाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी होते, मुलीच्या स्थळाची होते, कर्मचाऱ्याची खातेनिहाय होते आणि कोठडीतील आरोपीचीही होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दंडाधिकाऱ्याची अथवा न्यायालयाची ‘इन्क्वायरी’ आणि पोलिसांचे ‘इन्व्हेस्टिगेशन’ यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या होत्या. वृत्तपत्रांत मात्र अनेकदा दोन्हींसाठी चौकशी हाच शब्द येतो, आणि ‘चौकशीसाठी बोलावले’ एवढ्या मजकुरावरून एखादा साक्षीदार गावात आरोपी ठरतो.

या संदर्भात नंदिनी सत्पथी खटला उल्लेखनीय आहे. ओडिशाच्या या माजी मुख्यमंत्र्यांपुढे १९७७ मध्ये पोलिसांनी लेखी प्रश्नावली ठेवली. त्यांनी उत्तरे देण्यास नकार दिला, तेव्हा १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १७९ खाली त्यांच्यावर कारवाई सुरू झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचे घटनात्मक संरक्षण पोलिसांच्या प्रश्नांच्या वेळीही लागू होते. ही दंड संहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. तिच्या त्या कलमात लोकसेवकाने प्रश्न ‘विचारणे’ यासाठी आस्क हे क्रियापद नव्हते. तेथे प्रश्न ‘डिमांड’ केला जात होता.