शाळेतील धर्मनिरपेक्षता : सातारा-सांगलीचा वारसा

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. प्रवेश मिळाला, समान वागणूक मात्र मिळाली नाही. ही उणीव कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओळखली. सांगलीनजीक दुधगावात १९१० साली, पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृहे काढली. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंक्तीस बसत.

आचारातील या समतेला घटनेने कायद्याचे बळ दिले. कलम २८ नुसार संपूर्णतः शासकीय खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण वर्ज्य आहे. अनुदानित शाळेत विद्यार्थ्याची, तो अज्ञान असल्यास पालकाची, संमती आवश्यक आहे. हा हक्क पालकांना ठाऊकच नसेल, तर तो कागदावर राहील. प्रवेशाच्या वेळीच तो त्यांना समजावणे, हे आपले कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.